मानाची खुर्ची

"आधी तुम्ही बसा, ल्येनसाहेब."

"छे, छे! थावसर वयानं मोठे. तो मान त्यांचा."

"वय काय घेऊन बसलात! कंगसर अमेरिकेत शिकून आलेत, त्यांना बसवा."

वूहानमधल्या एका कॉलेजच्या खानावळीत दाराकडे तोंड करून ठेवलेली मानाची खुर्ची रिकामी होती, आणि तिघे प्राध्यापक एकमेकांचे दंड धरून तिच्याकडे ढकलत होते. सगळ्यांच्याच पोटात कावळे ओरडत होते. त्यांच्याच विभागातल्या फांगबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत होते.

सकाळी हेच तिघे समाजशास्त्राच्या नव्या पाठ्यपुस्तकात पहिलं प्रकरण कुणाचं, यावरून हमरीतुमरीवर आले होते. ल्येनसाहेबांना आधी मार्क्सवाद हवा होता, कंगसरांना अमेरिकी सिद्धान्त, थावसरांना जुने चिनी ग्रंथ. या तिन्हींना जोडणारं प्रकरण फांगबाईंनी लिहिलं होतं. एकाच खेड्यातला मानपान घेऊन, जमीन, घराणं आणि संस्कार तिथे एकमेकांत कसे गुंततात ते त्यात दाखवलं होतं. देशात समाजशास्त्रावरच बंदी होती ती सगळी वर्षं त्यांनी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं डकवण्यात काढली होती. बंदी उठली, तोवर निवृत्ती आली. मागे राहायचं ते हे एकच प्रकरण.

"अमिताभ बुद्धा!" देवाचं नाव घ्यावं तसं बाई पुटपुटल्या आणि सरळ जाऊन मानाच्या खुर्चीत बसल्या.

मग सुटलो एकदाचे, अशा चेहऱ्यांनी तिघेही भराभर बसले.

"बाईंनी क्रांती केली!" कंगसर हसले.

ल्येनसाहेबांनी स्वतः बाईंच्या पेल्यात चहा ओतला. "बाई, एक ऐका. आज पहिला मान तुम्हाला मिळाला, आनंदच आहे. आता पुस्तकात जरा मागे सरा. तुमचं प्रकरण गाळू या. आम्ही तिघं आमचं आमचं बघतो."

"बरोबर आहे," थावसर म्हणाले. "सगळंच एकाला कसं मिळेल?"

सकाळपासून पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं.

"अहो, एका हातानं मान द्यायचा आणि दुसऱ्यानं हक्क काढून घ्यायचा, हेच तर लिहिलंय मी त्यात!" बाईंनी पेला खाली ठेवला. "वाचलंत का कुणी?"

तिघेही आपापल्या जेवणाच्या काड्या पुसू लागले.

तेवढ्यात वाफाळता मासा आला. वाढणारीनं रीतीप्रमाणे थाळी फिरवून माशाचं तोंड मानाच्या खुर्चीकडे केलं. आता बाईंनी पहिला घास घेतल्याखेरीज कुणाला खाता येणार नव्हतं.

"घ्या ना बाई, गार होतोय."

"होऊ दे," बाई हळूच म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवले.

तिघेही माशाकडे बघत बसले. एकाचीही काडी पुढे आली नाही.