विसाव्या दिवसाचा बांगडा

दाजी वैद्यांनी आमच्या यांची नाडी धरली. आदल्याच दुपारी मी यांना सुका बांगडा भाजून दिला होता.

सत्तावन्न सालचा आषाढ. गलबत किनाऱ्याला ओढलेलं आणि यांना कावीळ. एकोणीस दिवस माणूस बिनमिठाची पेज पीत होता. "जिभेक चव नाय गो," म्हणाले आणि डोळ्यांत पाणी आणलं. वादळातही गलबत हाकणारा तांडेल बांगड्यासाठी रडतो, हे मला बघवेना. सासूबाई विहिरीवर होत्या. काटेसुद्धा मी चुलीत जाळले.

दाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पित्त खवळलाहा, अग्नी मंद झालोहा. विझत इलेल्या चुलीत ओली लाकडां घातल्यार धूरच होतलो. पथ्य सांभाळा."

"मथुरा, माझो एकच झील आसा," एकुलत्या मुलाच्या काळजीनं सासूबाईंनी वर मलाच दम भरला होता.

आज दाजींची बोटं मनगटावरून हलेनात. त्यांनी यांचे डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"पथ्य पाळून पण पित्त चढलाहा. म्हणजे औषध लागू पडणा नाय. आता जोराचो जुलाब देवक होयो."

"सोसात त्येका?" सासूबाईंनी विचारलं.

"अशक्त आसा. जिवाक धोको आसा. पण दुसरो इलाज दिसणा नाय."

दाजी पुडी बांधू लागले. मी यांच्याकडे पाहिलं, तर हे डोळे मिटून गप्प. मला असा राग आला की विचारू नका. सासूबाई मला माहेरी धाडतील, धाडू देत. माणूस तरी जगेल.

"दाजीनू, पुडी बांधू नकात. काल मिया त्यांका बांगडो दिलंय. अर्धो."

दाजींनी मान हलवली. "अर्ध्या बांगड्यान नाडी इतकी बिघडना नाय."

"देवाशपथ, अर्धोच."

मग सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "काल सांजेक मियाय दिलंय. तळून. परवाय दिलंय."

दाजींनी पुडी सोडली आणि चूर्ण परत बाटलीत ओतलं. दोन दिवस फक्त पेजेची निवळ द्या म्हणाले आणि छत्री घेऊन उठले.

ते गेल्यावर सासूबाई आता मला फाडून खातील, म्हणून मी चुलीपाशी उभी राहिले. त्या आत आल्या. फळीवरचं सुक्या बांगड्यांचं मडकं उतरवून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"शेजारी देवन ये," त्या म्हणाल्या. "माझो माझ्यार भरवसो नाय."