बिनविरोधच्या नारळाला पुरून उरलेला डबा

काय बघताय असे? मी तेलाचा डबा बोलतोय. आखातातल्या मआमीरच्या लेबर कॅम्पातला. डोक्याला चीर, अंगभर पोचे. रिकामा डबा फार वाजतो म्हणतात ना? वाजतोच. पण मी भरल्या पोटीही वाजलोय, आणि त्याचा मला जराही पस्तावा नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. कुणीतरी पत्रा वाकवला, पोटात तेल ओतलं आणि जहाजात टाकलं. मीना सलमान बंदरात उतरलो तो थेट या कॅम्पच्या मेसमध्ये. बासष्ट माणसांचा स्वयंपाक! चार दिवसांत माझं पोट खलास.

रिकामे डबे इथं भंगारात जातात. मला वाचवलं गुंडूनं. गुंडू आजऱ्याकडचा, कंपनीत फॅब्रिकेटर, बोलायला मऊ आणि भांडणाला भारी भिणारा. त्यानं मला गरम पाण्यानं तीनदा धुतलं आणि गणपतीत माझा ताशा केला. वाजवायला त्याच्याच खोलीतला नजीब पेंटर, खेडचा. दोन्ही हातांनी असा बडवायचा मला, की पलीकडच्या कॅम्पातली माणसं भिंतीवरून डोकवायची. ते दिवस आठवले की आजही माझा पत्रा थरथरतो.

मग कंपनीनं एक नवीन टूम काढली. कॅम्पचा सिक्युरिटी इन्चार्ज म्हणे तुम्हीच निवडा. गेटची किल्ली, भांडणतंटा, कोण आला, कोण गेला, सगळं त्याच्या हातात. पोरांनी त्या पदाला लगेच नाव ठेवलं, ‘पोलीस कमिशनर’. ऑफिसातून मृणालीमॅडम आल्या. पुण्याच्या, कागदाला कागद लावून बोलणाऱ्या. मतपेटी हवी म्हणाल्या. गुंडूनं ग्राइंडर घेतला आणि माझ्या डोक्याला चीर पाडली. दुखलं का? दुखलं की! पण मला वाटलं, चला, आपल्याला काही मान आला.

कसला मान! चंद्रशेखरनं अर्ज भरला. हा स्टोअरकीपर, साताऱ्याकडचा, चालायचा ते छाती काढून. अजून दोघांनी भरायचं मनात आणलं होतं. पण आमची माणसं गावाकडनं एक खोड घेऊन येतात, बिनविरोधची. निवडणूक झाली की भाऊबंदकी पेटते, त्यापेक्षा नारळ फोडा आणि मोकळे व्हा. आणि नारळ फोडला कुणी? माझ्या गुंडूनं! वर म्हणतो कसा, “उगं भांडनं कशाला मर्दा? मतानं काय हुतंय?”

मी तिथंच टेबलावर होतो. पोटात एक चिठ्ठी नाही. तोंड असतं तर शिव्या घातल्या असत्या.

कमिशनरसाहेबांनी पहिल्याच महिन्यात हुकूम काढला. शुक्रवारी जेवणानंतर दोन तास गेटला कुलूप, शिस्त म्हणून. किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब कॅम्पबाहेर मित्राकडे गप्पा हाणायला. कुणी तोंड उघडलं नाही. बिनविरोध ना! मग विचारायचं कुठल्या तोंडानं?

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नजीब अंगणात कपडे वाळत घालता घालता कोसळला. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा. अँब्युलन्स दहा मिनिटांत आली आणि गेटबाहेर उभी राहिली. आतून माणसं ओरडतायत, बाहेरून ड्रायव्हर “यल्ला, यल्ला” म्हणत घाई करतोय आणि मधे ते कुलूप. चंद्रशेखर फोन उचलेना. शेवटी गुंडूनं हातोड्यानं कुलूप फोडलं, पण त्यात चांगला अर्धा तास गेला. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. हात मात्र पूर्ण परत आला नाही. अर्धा तास आधी आणला असता तर बरं झालं असतं, एवढंच ते म्हणाले.

आणि आमच्या कमिशनरसाहेबांनी काय केलं माहितीय? कुलूप फोडलं म्हणून गुंडूची लेखी तक्रार! संध्याकाळी गुंडू माझ्यासमोर बसला आणि रडला. “नारळ म्या फोडला रे,” एवढंच म्हणत राहिला. मला त्याची दया आली आणि रागही आला. खोटं का बोलू?

वर्ष भरलं. पुन्हा निवडणूक. यंदा गुंडूनं अर्ज भरला. “किल्ली गेटजवळ काचंच्या पेटीत ऱ्हाईल, कुणाच्या खिशात न्हाई,” एवढंच त्याचं भाषण. मृणालीमॅडमनी नियम वाचला, “निम्म्या लोकांनी, म्हणजे एकतीस जणांनी तरी मत द्यायलाच हवं. नाहीतर आत्ताचे इन्चार्ज कंटिन्यू होतील. क्लिअर?”

चंद्रशेखरला तर ते फारच क्लिअर झालं. खोल्याखोल्यांतून फिरला. “कशाला मत? झोपा निवांत. गावातल्या गावात भांडणं नकोत.” गुंडूला बाजूला घेऊन म्हणाला, “मागं घे अर्ज. तुझ्या लीव्हचं मी बघतो.” गुंडू बारा महिन्यांत घरी गेला नव्हता. तरी म्हणाला, “न्हाई घेत.” शाब्बास रे माझ्या वाघा!

मतदान शुक्रवारी, जेवणानंतर, मेसमध्ये, एक ते चार. तीन वाजले तरी माझ्या पोटात नऊ चिठ्ठ्या. नऊ! सगळा कॅम्प एसी लावून घोरतोय. चंद्रशेखर दारात खुर्ची टाकून दात कोरतोय. गुंडू भिंतीला टेकून खाली बघतोय.

तेवढ्यात नजीब आला. उजव्या हातानं चिठ्ठी टाकली. गेला मात्र नाही. मला न्याहाळत उभा राहिला. मग कट्ट्यावरचा पंचा घेतला, माझ्या कडीतून ओवला, दातांनी गाठ मारली आणि मला गळ्यात अडकवलं. भाताचा डाव उचलला आणि एका हातानं सुरू! ढण्‌ ढण्‌ ढणाण!

“अहो, बॉक्स बाहेर नाही नेता येत!” मृणालीमॅडम धावल्या. “रूल्स आहेत!”

“मग तुम्ही पण चला बाय सोबत,” नजीब म्हणाला. “डब्यावर डोळा ठेवा. माझा एक हात काय कुणाची चोरी करणाराय?”

मॅडमनी क्षणभर त्याच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. फाइल काखेत मारली, कोऱ्या चिठ्ठ्या मुठीत धरल्या आणि निघाल्या.

खोली नंबर एक. दोन. तीन. नजीब काही बोलायचा नाही, फक्त दारापुढे उभा राहून मला बडवायचा. दार उघडायचं. डोळे चोळत माणूस बाहेर यायचा, आधी नजीबचा तो हात बघायचा आणि मान खाली घालून चिठ्ठी घ्यायचा. मागून चंद्रशेखर, “हा काय तमाशा आहे?” अरे, तमाशाच आहे, बघ की! मला पोचे पडत होते आणि मी खुशाल वाजत होतो. आयुष्यात इतका कधी वाजलो नव्हतो.

सत्तेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. गुंडूच्या एकोणतीस. त्याच संध्याकाळी गेटजवळ काचेची पेटी बसली आणि किल्ली तिच्यात गेली.

इथंच संपवलं असतं. पण गेल्या आठवड्यात काय घडलं ते ऐका. वर्ष पुन्हा भरलं आणि पोरं हसत हसत गुंडूकडे आली, हातात नारळ घेऊन. “गुंडूदादा, आता तूच. मत कशाला? बिनविरोध!” गुंडूनं नारळ हातात घेतला. सुखावला हो, मी पाहिलं! कोण नाही सुखावणार? माझा जीव मात्र नुसता टांगणीला.

मग गुंडूनं नारळ स्वयंपाक्याकडे दिला, “चटणी कर ह्याची.” आणि कट्ट्यावरचा डाव उचलून नजीबच्या हातात ठेवला.

“वाजीव,” म्हणाला. “माझ्या इरोधात कोन हाय, त्येला हुडकून आन.”

ऑफिसवाले आता प्लास्टिकची पारदर्शक पेटी आणणार आहेत. मी गंजलोय, भंगारात जाईन. जाऊ द्या, मला रडायची सवय नाही. फक्त त्या पेटीला बडवून आवाज येतो का, ते आधी बघा. नसेल येत, तर मला ठेवा कुठंतरी कोपऱ्यात. झोपलेली माणसं मी अजून उठवू शकतो.