निळीची दोरी

पेंटरच्या हाताला अख्ख्या बाजारात तोड नव्हती. दुकानांवरच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा, आणि अक्षर असं काढायचा की दळभद्री दुकानसुद्धा खानदानी वाटावं. पण ब्रशला हात लावण्याआधी दोरी मारायची, हा नेम. सुताच्या दोरीला नीळ चोळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत ओढून सोडायची. फट्! पाटीवर सरळ निळी रेघ.

तरुणपणी बेकरीची पाटी रंगवताना दुसरं टोक अडकवायला त्याच्याजवळ खिळा नव्हता. म्हणून शेजारच्या शिवणकामाच्या दुकानातल्या मुलीला त्याने हाक मारली. ती आली, स्टुलावर चढली, टोक धरलं आणि पुढे जन्मभर धरून राहिली. खिळा खिशातच होता, हे गृहस्थांनी लग्न पार पडल्यावर कबूल केलं.

काय दिवस होते ते! दोघांची बोटं कायम निळी. दोन शिड्यांवर दोघं, मध्ये पाटी, आणि दोरी ताणून धरल्या धरल्या अख्ख्या घराच्या गप्पा. भाजी काय करायची, धाकटीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं तिथेच ठरायचं. खालून जाणारे हसायचे. हसोत बापडे.

मग एकदा पेंटरची शिडी सरकली आणि तो खाली आला. हाड जुळलं, पण मन काही जुळेना. शिडी नुसती दिसली तरी पेंटर दोन पावलं मागे सरायचा. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक गोळी लिहून दिली. "अर्धीच घ्यायची, तीही थोडेच दिवस," त्यांनी बजावलं.

अर्ध्या गोळीने जादू केली. पेंटर सरसर वर चढला, शीळसुद्धा घातली. बायकोच्या जिवात जीव आला. पण काही आठवड्यांनी अर्धीचा असर पुसट झाला. याने स्वतःच्याच अकलेने एक केली, मग दोन. पुढे शिडी नसली तरी लागायला लागली. औषधवाला ओळखीचा. "नेहमीचीच ना?" म्हणत गोळ्यांची पट्टी पुढे करायचा, आणि ती पेंटरच्या खिशात जायची. घरात मात्र तो मूग गिळून बसायचा.

याच काळात त्याने दोरी सोडली. "नजर बसलीय आता. तू कशाला दगदग करतेस?" असं म्हणाला. तिला ते फार लागलं. पण ती बोलली नाही आणि इथेच चुकली.

बेकरीवाल्याने जुनी पाटी पुन्हा रंगवायला काढली, तेव्हा पेंटर एकटाच गेला. संध्याकाळी ती बघायला आली. अक्षरं सुबक होती, पण ओळ उजवीकडे चक्क उतरत गेली होती.

"पेंटर, अहो, पाव घसरतील की यावरून!" बेकरीवाला म्हणाला.

पेंटरने मान वर करून पाहिलं. त्याला उतार दिसत होता. "चालतंय," तो म्हणाला आणि ब्रश पुसायला लागला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. अक्षरावरची एक मात्रा केसभर हलली तर जेवण न जाणारा हा माणूस! घरी येताच तिने सरळ विचारलं, "अहो, किती घेता?"

पेंटरने खिसा रिकामा केला आणि तोऱ्यात जाहीर केलं, "आजपासून बंद!" तोरा जेमतेम एक दिवस टिकला. मग घाम, थरथर, डोळ्याला डोळा नाही. कप धरायला दोन हात लागू लागले. ती त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"शरीर गोळीला सरावलंय, म्हणून तेवढ्याने भागत नव्हतं," बाई म्हणाल्या. "वाढवलीत माझ्या नकळत, आणि आता एकदम तोडताय? झटके येतील अशाने! हळूहळू, मी सांगेन तशीच उतरवायची."

तसंच केलं. पट्टी आता तिच्या ताब्यात. पेंटरच्या जुन्या पात्याने ती गोळीचे तुकडे करायची, आणि तो लहान मुलासारखा हात पुढे करायचा. काही दिवस बरे गेले, काही अगदी वाईट. एकदा तर "नुसता एक तुकडा जास्त दे," म्हणून तो रडला. तिने दिला नाही. स्वयंपाकघरात जाऊन तीही रडली.

कितीतरी महिन्यांनी गोळी सुटली. भीती मात्र होती तिथेच बसून होती. त्या भीतीसकट पेंटर बेकरीपुढे उभा राहिला. उतरती ओळ खरवडून काढली होती. दुसऱ्या शिडीवर ती गुडघ्यांना शिव्या घालत चढत होती.

"भीती वाटतेय?" तिने वरून विचारलं.

"वाटतेय."

"मलाही. या वर."

तो एकेक पायरी चाचपत चढला. दोरीला नीळ चोळली. टोक घेताना तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "खिळा आहे का हो खिशात?"

पेंटरने खिसा चाचपला. मधल्या काळात तिथे पट्टी असायची.

"आज खरंच नाही गं," तो म्हणाला. "तूच धर."