सरांच्या नावचा कोर्स

शिक्षकांचा ऑनलाइन कोर्स कसा होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. वरून लिंक येते, मागोमाग शेवटची तारीख येते आणि मग मोबाइलमधलं ज्याला जरा बरं कळतं असा एक बळीचा बकरा शोधला जातो. बाकीचे आपापला पासवर्ड त्याच्या गळ्यात बांधून मोकळे. कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या त्या दहा शाळांमध्ये हा मान दीपमाला थूल हिचा होता, आणि तो दर वर्षी तिच्याकडेच असायचा.

या वेळचा कोर्स होता शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा. व्हिडिओ पुढे पळवता येत नव्हते. समोर माणूस बसलाय की फोन नुसता चार्जिंगला लावलाय, हे बघायला मध्येच प्रश्न यायचे. दहाही शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख रूपरावसर यांचा पहिल्याच दिवशी फोन आला.

"मॅडम, आधी माह्यं करून टाका जी. तुमचं का, तुमी हुशार. चुटकीत होऊन जाते."

तिने आधी त्यांचं केलं. ओटीपी आला की सर फोनवर वाचून दाखवायचे आणि दर वेळी शेवटचा आकडा गिळायचे. शेवटच्या दिवशी पाच वाजता सरांचं प्रमाणपत्र निघालं आणि दीपमालाचे तीन व्हिडिओ राहिले असताना कोर्स बंद झाला.

आठ दिवसांनी शाळेत कारणे दाखवा नोटीस आली. 'श्रीमती थूल यांनी नवीन तंत्रज्ञान शिकण्याबाबत उदासीनता दाखवली. त्यांना मोबाइलचा शैक्षणिक वापर जमत नाही, असे निदर्शनास आले.' हे निदर्शनास आणून देणारा अहवाल सोबत जोडला होता आणि त्याखाली रूपरावसरांची सही होती. बारा वर्षांच्या नोकरीत तिला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने तिथूनच फोन लावला.

"मॅडम, वरून यादी मागतली," सर म्हणाले. "अपूर्ण म्हंजे अपूर्ण. मी काऊन खोटं लिहू? बरं, आयका ना, माह्या कोर्सचा दुसरा टप्पा आला. प्रकल्प टाकाचा हाये म्हन्ते."

या माणसाला लाज नावाची चीज माहीत नव्हती. दीपमालाने नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली. मग "हो जी सर, करून देते," असं इतक्या गोड आवाजात म्हणाली, की दुसरा कुणी असता तर सावध झाला असता.

तिच्या मनात आता एकच गोष्ट होती. हे दीपमालाने केलं, एवढं वाक्य त्या माणसाच्या तोंडून चारचौघांत निघालं पाहिजे, आणि त्याने ते मान खाली घालून म्हटलं पाहिजे.

तिच्या पहिलीतली निम्मी पोरं घरी गोंडी बोलणारी. पुस्तकातली मराठी त्यांच्या डोक्यावरून जायची. सरांच्या प्रकल्पासाठी तिने एआयला गोंडीत लहान लहान गोष्टी लिहायला सांगितल्या. यंत्राने त्या धडाधड लिहून दिल्या. मग शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाईंना तिने त्या वाचून दाखवल्या, तर बाई पोट धरून हसायला लागल्या.

"हे कोन्तं गोंडी जी मॅडम? हे तं हिंदीच हाये, नुस्तं डोक्शावर फेटा बांधलेलं!"

पंधरा दिवस चुलीपाशी बसून दोघींनी ते काम केलं. धुरपताबाई खिचडी ढवळत एकेक वाक्य सुधारायच्या, गावातली म्हातारी माणसं हे कसं म्हणतात ते सांगायच्या, मग स्वतःच्या आवाजात गोष्ट म्हणायच्या. दीपमाला लिहून घ्यायची, आवाज भरून घ्यायची. पोरं त्या गोष्टी ऐकत बोट फिरवून वाचायला लागली.

इतकं मन लावून दीपमालाने स्वतःचं कामही कधी केलं नव्हतं. शेवटी मनोगताचा रकाना आला. तिथे तिने रूपरावसरांच्या वतीने झोकात लिहिलं, 'मी तीन वर्षे घरोघरी फिरून गोंडी भाषा आत्मसात केली. यंत्राच्या गोंडीतील प्रत्येक चूक मी स्वतः दुरुस्त केली.' सरांनी न वाचता ओटीपी सांगितला, या वेळी अगदी शेवटच्या आकड्यासकट.

प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला. कारंज्याच्या चौकात सरांचा गॉगल लावलेला फ्लेक्स लागला. वर्ध्याच्या जिल्हा समारंभात सगळ्यांसमोर बोलायचं होतं, म्हणून सरांनी दोन मिनिटांचं भाषण मागितलं. दीपमालाने छानसं लिहून दिलं. परिपत्रकात दुसऱ्या पानावर 'प्रात्यक्षिक' असा शब्द होता. दुसरं पान वाचायची सरांना सवय नव्हती आणि तिने आठवण करून दिली नाही.

वर्ध्याचं सभागृह भरलेलं होतं आणि दीपमालाही प्रेक्षकांत बसली होती. भाषण झालं, टाळ्या पडल्या. सर खाली उतरायला निघाले, तेवढ्यात अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकारी मॅडम म्हणाल्या, "आता एक नवी गोष्ट इथेच करून दाखवा ना, सर."

सरांनी लॅपटॉपकडे असं पाहिलं, की जणू तो चावणार होता. कुणीतरी त्यांच्यासाठी एआयला तसं टाइप करून दिलं. पडद्यावर यंत्राच्या गोंडीतली गोष्ट उमटली.

"वाचा, आणि यात काय चुकलंय ते सांगा. तुम्हाला गोंडी येते, असं तुम्हीच लिहिलंय."

सर अडखळत चार ओळी वाचून थांबले. "चूक तं काही दिसत नाई, मॅडम. बरोबर हाये सारं."

मागच्या रांगेतून हेमराज उईके नावाचे शिक्षक उठले. "सर, हे माह्या घरची भाषा हाये. याच्यात गोंडी कुठं हाये, तेवढं दाखवा."

सभागृहात हशा पिकला. सरांचा रुमाल पार भिजून गेला होता. एकदाचे ते खाली बघत पुटपुटले, "खरं सांगतो मॅडम. हे माह्यं नाई. हे सारं थूल मॅडमनं केलं. कोर्सई त्यायनंच केला."

सगळ्या माना दीपमालाकडे वळल्या. महिनोन् महिने जे ऐकायला ती टपून बसली होती, ते माइकवरून आलं होतं.

"खरं आहे का हे?" अधिकारी मॅडमनी विचारलं.

ती उभी राहिली. हो म्हटलं की नोटीस रद्द होणार होती आणि विजेत्यांच्या यादीत तिचं नाव लागणार होतं. तिने सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा आनंद होता. संध्याकाळपर्यंत हा माणूस टपरीवर चहा पीत ही गंमत म्हणून सांगणार, हे तिला स्पष्ट दिसलं. ती सुटका तिला बघवली नाही.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "मला यातलं काही येत नाही. तसं सरांनीच लेखी कळवलंय. सर खोटं कशाला लिहितील?"

सरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आपलं पकडलेलं खोटं एका शिक्षिकेच्या गळ्यात बांधायला निघाला, हे बोलणं आता हॉलमधल्या प्रत्येकाच्या ओठावर होतं. मॅडमनी तिथल्या तिथे प्रकल्प यादीतून काढायला लावला आणि सरांची चौकशी लावली. परतीच्या एसटीत दीपमाला एकटीच हसत होती. तिला मनापासून, पोटभर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळा प्रसंग हातवारे करून धुरपताबाईंना सांगितला. सरांचा रुमाल, लॅपटॉप, उघडं तोंड. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आन् मंग आपल्या गोष्टी?"

"काढून टाकल्या यादीतून. जाऊ द्या."

"मॅडमनं इचारलं तवा तुमी म्हनलं, आपलं नाई म्हून?"

"तसंच म्हटलं! त्याशिवाय जिरली असती का त्यांची?"

धुरपताबाई खिचडी ढवळत राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"तुमचं तुमी काहीई म्हना, मॅडम. पन ते बोलनं तं माह्यं होतं ना? मी घरी सांगून ठेवलं होतं, माह्या गोष्टी वर्ध्याले गेल्या म्हून. आता काय सांगू?"

दीपमालाने मोबाइलवर सरांच्या नावाचं मनोगत पुन्हा उघडलं. मनोगतात धुरपताबाईंचं नाव लिहायचं तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. बाईंनी पातेलं उतरवलं आणि पोरांना ताटं घेऊन बसायला हाक मारली.