सावलीतली हिरवी पावलं

शेजारच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या झाडाखाली, जिथे वर्षानुवर्षं गवताची काडी उगवली नव्हती, तिथे हिरव्या पानांची पावलं उमटली होती. पाच बोटं, टाच, सगळं रेखीव. माणसं बघायला वाकत होती आणि वाकलेलीच राहत होती.

पावलं ज्यांची, ते सावलीबाबा खुर्चीत बसले होते. "आम्ही कुठे काय केलं? आम्ही फक्त चाललो. शहाणे लोक खत घालतात, आम्ही पाय घालतो."

पाय त्यांनी खरंच घातला होता, पण दुसऱ्याच्या संसारात. या घरच्या सुनेला फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. बाबांनी सासूबाईंना सांगितलं, पावलं हिरवी आहेत तोवर आजार जमिनीत उतरतोय. सुनेनं रोज त्यांतली पानं चावायची, गोळी घेतली तर वेल जळेल. सासूबाईंनी गोळ्या मोरीत ओतल्या.

सून कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "काका, भीती वाटते हो."

"नवऱ्याला सांग ना."

"ते म्हणतात, आईचं मन मोडू नकोस. म्हणजे माझं डोकं फुटलं तरी चालेल."

चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागे सटकतो. तरी गेलो. वेल ओळखीची वाटत होती, ब्राह्मीच असावी. ओल आणि सावली मिळाली की ती जमिनीला धरून रांगते, पेरापेराला मुळं सोडते. हे लोक त्या झाडाखाली दरवर्षी गुलाब लावत आणि तो मेला की जमिनीला शिव्या घालत. सावलीत सावलीचं झाड लावावं, हे घरात कुणालाच सुचलं नाही. बाबांना सुचलं.

"बाबा चालले तेव्हा नेमकं काय केलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"पाऊल उमटलं की त्यांचा शिष्य त्यात पवित्र माती दाबायचा. आम्ही रोज पाणी घातलं. उरलेली ओल्या फडक्यात ठेवलीय."

"मूठभर द्याल?"

"श्रद्धा आहे का?"

"जमवतोय."

त्यांच्यादेखतच मी ती पातेल्यातल्या पाण्यात सोडली. माती तळाशी बसली, काड्या वर आल्या. प्रत्येक काडीला एक पेर, दोन्ही टोकं पात्यानं कापलेली.

"मातीत काड्या असायच्याच," सासूबाई म्हणाल्या. "पुस्तकं वाचून डोळे गेलेत तुमचे."

गेलेही असतील. म्हणून खात्री करायची ठरवलं. माझ्या भिंतीच्या सावलीत ओल्या मातीवरून रबरी चपला घालून चाललो, ठशांत त्याच काड्या दाबल्या आणि पाणी घालत राहिलो. सून रोज कुंपणावरून विचारायची, "काका, उगवलं का?"

एकदाच्या चपला उगवल्या. टाचेची झीजसुद्धा दिसत होती.

शेजाऱ्यांना बोलावलं. मी तोंड उघडण्याआधीच दोघीतिघी नमस्कार करून मोकळ्या झाल्या. मी पायातल्या चपला काढून त्या हिरवळीवर ठेवल्या. तंतोतंत बसल्या. मग उरलेल्या काड्या हातोहात फिरवल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्याही पायांत काहीतरी असेल, काका."

"आहे. भेगा."

लोक हसत होते, तेवढ्यात सून कोसळली. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला.

"अंगात आलं," एकजण म्हणाला. मघाशी ज्या माझ्या चपलांपुढे वाकल्या होत्या, त्या आता तिच्यापुढे वाकल्या. एका बाईनं तर हात जोडून विचारलं, "माझ्या मुलाचं लग्न कधी जमेल?"

सासूबाई ब्राह्मीची पानं ओरबाडून तिच्या तोंडात कोंबायला धावल्या. मी त्यांचा हात धरला, सुनेला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सारला. झटके थांबले तेव्हा दातांखाली जिभेचा तुकडा पडला होता.

शुद्धीवर आल्यावर तिनं सासूबाईंकडे पाहिलं. रक्त गिळत, अडखळत म्हणाली, "गोळी द्या. मग बाकीचं बोला."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. द्यायला गोळी होती कुठे? नवरा अनवाणी औषधाच्या दुकानाकडे पळाला. मी गाडी बोलावून तिला दवाखान्यात नेलं. बाबा तोवर नवं ओलं फडकं घेऊन दुसऱ्या कुणाच्या परसात पोचले होते.

वाचकहो, सावलीत ब्राह्मी जरूर लावा. पेराचा तुकडा आणि ओली माती एवढं पुरतं. कुणाचे पाय लागत नाहीत. आणि घरात कुणाला फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. अचानक बंद केली की आजार दुप्पट जोरानं उलटू शकतो, आणि त्याला हिरवी पावलं दिसत नाहीत.

सून आता नेमानं गोळी घेते. तिचं बोलणं मात्र परक्या माणसाला कळत नाही. सासूबाई शेजारी बसून तिचा एकेक शब्द पुन्हा सांगतात.