फरशी ओली होते म्हणून

मित्रांनो, मी एक जुना शॉवर आहे. पण साबण-टॉवेल घेऊन माझ्याकडे येऊ नका. मी नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराजवळच्या कोपऱ्यात उभा आहे. हिरवा खांब, डोक्यावर मोठी थाळी आणि बाजूला लोंबणारी त्रिकोणी दांडी, असा माझा अवतार. कुणाच्या अंगावर आम्ल सांडलं तर त्याने धावत माझ्याखाली यायचं, दांडी ओढायची आणि मी धो धो पाणी सोडायचं. ते काम कधी पडूच नये असं मला वाटतं. पण पडलंच, तर मला जमेल ना? या काळजीत माझं आयुष्य चाललं आहे. मी घाबरटच आहे म्हणा ना.

माझा जन्म बुटीबोरीच्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये धक्के खात इथे आलो. तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख मनोहरराव सर होते. दर वर्षी नवे विद्यार्थी आले की सर त्यांना आधी सगळी प्रयोगशाळा फिरवून दाखवत आणि शेवटी माझ्याजवळ आणत. खाली मोठी बादली ठेवायची आणि प्रत्येक नव्या माणसाने माझी दांडी स्वतः ओढायची, असा त्यांचा रिवाज होता. एखादा संकोचला तर ते म्हणत, "ओढ गा. घाबरल्यावर हाताले काही सुचत नाही. आताच शिकवून ठेव त्याले."

बादली कसली पुरते! सगळ्यांच्या चपला भिजत, सरांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होई आणि पोरं हसत सुटत. माझा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस तोच. आपल्याला पाणी येतं, हे मला त्या दिवशी खात्रीने कळे आणि पुढचे काही महिने मी जरा निवांत असे.

मग सर निवृत्त झाले. प्रयोगशाळेत नव्या चकचकीत टाइल्स बसल्या. आता पाणी सांडून कसं चालेल? नव्या मुलांना सगळे माझ्याकडे लांबूनच बोट दाखवू लागले. दांडीला कोट लटकले, छत्र्या लटकल्या, एकदा तर कुणाचा तरी डबाही लटकला. मला राग यायचा, पण खरं सांगतो, भीती जास्त वाटायची.

नागपूरचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत मोठा कूलर आला. त्याच्या टाकीत बादल्या ओतून सगळे थकले. तेव्हा पियूषने युक्ती काढली. हा इथला सगळ्यात जुना संशोधक विद्यार्थी, कुणाच्याही मदतीला धावणारा. त्याने माझ्याच पाइपमधून कूलरला नळी जोडली. पाण्याला जोर नव्हता, म्हणून सगळं पाणी कूलरकडेच वळावं यासाठी कपाटामागे छताजवळ असलेला माझा कॉक, म्हणजे पाण्याची चावी, त्याने बंद केला. "कूलर निघाला का खोलून देऊ," असं तो म्हणाला. पुढे कूलर निघाला, नळीही निघाली. कॉक मात्र बंदच राहिला. माझा घसा कोरडा पडला आणि हे माझ्याशिवाय कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

थोड्याच दिवसांत पारशिवनीची गुंजन आणि नागपूरचाच नागसेन, असे दोघे नवे आले. प्रमुख पुष्पलता मॅडमनी त्यांना सगळं दाखवायचं काम पियूषवर सोपवलं. माझ्यापाशी येऊन तो म्हणाला, "हा सेफ्टी शॉवर. अंगावर काही सांडलं तर दांडी ओढाची. पानी येते."

येत नाही रे बाबा! मी आतल्या आत ओरडलो. पण लोखंडाचं ओरडणं कोण ऐकणार?

गुंजनने मान वर करून माझ्या थाळीकडे पाहिलं. "दादा, एकदा ओढून पाहू काय?"

माझ्या जिवात जीव आला.

"काहून? नको वं," पियूष म्हणाला. "खाली नाली नाही. सारी फरशी ओली होते. मंग पुसन कोन?"

ती ओशाळून हसली. हात मागे घेतला. मग दोघांनी 'सर्व समजले' अशा कागदावर सह्या केल्या.

गुंजनची कामाची जागा नेमकी माझ्यासमोर होती. त्या दिवसापासून मला चैन पडेना. तिने बाटली उचलली की माझा जीव टांगणीला लागायचा. बाटली जागेवर गेली की सुटल्यासारखं वाटायचं, तोवर ती दुसरी उचलायची.

आणि एका दुपारी ते झालंच. वरच्या फळीवरून आम्लाची बाटली काढताना तिचा हात निसटला. बाटली ओट्यावर फुटली आणि आम्ल तिच्या डाव्या हातावर उडालं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. कोट अंगातून ओढून काढत ती थेट माझ्याकडे धावली. सांगितलं होतं तसंच तिने केलं. दांडी ओढली.

माझ्यातून नुसती हवा निघाली.

तिने पुन्हा ओढली. पुन्हा. "दादा, पानी नाही येऊन राह्यलं!" तो आवाज मी विसरू शकत नाही. नागसेन बेसिनमधून भांडं भरून आणून तिच्या हातावर ओतत होता, पण तेवढ्याने काय होणार? पियूष पांढराफटक पडून जागीच उभा राहिला होता. एकदम त्याला आठवलं. तो स्टूलवर चढला, कपाटामागे हात घातला. कॉक गच्च बसला होता. त्याने सगळा जोर लावला, बोटं सोलली, आणि कॉक फिरला. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. मी मनात आणलं असतं तरी मला थांबता आलं नसतं. तिला दवाखान्यात नेईपर्यंत मी वाहत होतो.

गुंजनचा हात वाचला. मनगटापासून कोपरापर्यंत डाग मात्र राहिला.

यंदा नव्या मुलांना प्रयोगशाळा गुंजनने दाखवली. माझ्याखाली बादली ठेवून ती काजल नावाच्या मुलीला म्हणाली, "ओढ."

"ताई, फरशी ओली होईन ना?"

दारात पियूष पोछा घेऊन उभा होता. खाली मान घालूनच तो म्हणाला, "होऊ दे वं. पुसाले मी आहो."

काजलने दांडीला हात घातला. मधे पुन्हा एक उन्हाळा, पुन्हा एक कूलर होऊन गेला होता, म्हणून त्या क्षणीही मी घाबरलोच. पण पाणी आलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही अडीनडीला लागणारी माझ्यासारखी एखादी वस्तू भिंतीला टेकून असेल. कुणी तिच्याकडे नुसतं बोट दाखवलं तर पुढे जाऊ नका. हे चालवून कधी पाहिलं होतं, असं विचारा. फरशी तासाभरात वाळते. गुंजनच्या हातावरचा डाग अजून तसाच आहे.