मुक्ताची थोरली मावशी

“काय लावतीस गं तोंडाला? खरं सांग,” रंगूबाईने बहिणीच्या गालाजवळ नाक नेत विचारलं.

“उन्हाचं मलम. डॉक्टरांनी दिल्यालं. दुसरं काय न्हाई,” छबू म्हणाली. नगरला एका चामडीच्या डॉक्टरकडे ती पेशंटची नावं पुकारायचं काम करायची. दिवसभर पंख्याखाली.

रंगूबाईला ते पटलं नाही. तिला सहसा काहीच पटत नसे. दुधात पाणी आणि गोड बोलण्यात डाव असायचाच, असं तिचं ठाम मत होतं. पण इथे संशयाला जागाही होती. दोघी जुळ्या. एकच नाक, एकच हनुवटी. लहानपणी आईसुद्धा चुकायची. आता मात्र खर्डा गावच्या बाजारात लोक रंगूबाईकडे बघून छबूला विचारायचे, “आई का ह्या तुमच्या?”

“डॉक्टर म्हनत्यात, कातडी थोडी आईबापाकडून येती. बाकी ऊन, धूर आन तंबाखू खातं. तू मिश्री तरी सोड.”

“म्हंजी आईबापानं दोघींना सारखंच दिलं, आन माझं उसाच्या फडानं खाल्लं. व्हय ना?”

लग्न झाल्यापासून दसरा उलटला की रंगूबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दिवसभर उन्हात मोळ्या, संध्याकाळी पाचटाच्या कोपीपुढे चुलीचा धूर, पहाटे उठल्या उठल्या मिश्री. त्याशिवाय अंगच हलत नसे. त्याच कमाईतून तिची लेक मुक्ता शिकली, नर्स झाली.

आज मुक्ताला बघायला घोडेगावचे पाहुणे येणार होते. आधी आई बघायची, मग लेक, ही रीत जुनीच. खाण तशी माती म्हणतात. मागचं स्थळ त्याच रीतीने मोडलं होतं. पोरीची आई एवढ्या वयात एवढी वाळलीय, घरात काही रोग असेल, असा त्यांचा निरोप आला होता. म्हणून रंगूबाईचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, सकाळपासून चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, “आज आईच्या जागी छबू बसू दे. तू चहाचं बघ. साखरपुडा झाला की सांगून टाकू.”

“कुनाचं डोकं हे?”

“कुनाचं म्हंजी... समद्यांचंच.”

नवऱ्याचं डोकं इतकं चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. छबूने साडी आधीच इस्त्री करून आणली होती, म्हणजे तिला माहीत होतं. पण मुक्ता? मुक्ता सकाळपासून आईच्या नजरेला नजर देत नव्हती.

पाहुणे आले. नवरा मुलगा अमृत, त्याचे वडील आणि आजी. आजी रंगूबाईच्या वरताण संशयी निघाली.

“पोरगी कुठं झाली तुमची?” तिने विचारलं.

“नगरला,” छबू म्हणाली.

“कारखान्यावर,” श्रीमंत म्हणाला. दोघं एकदमच बोलले.

आजीने दोघांकडे पाहिलं. पाणी प्यायच्या निमित्ताने ती उठली ती सरळ स्वयंपाकघरात आली. मुक्ता ट्रेमध्ये कप मांडत होती. आजीने रंगूबाईचं नाक पाहिलं, हनुवटी पाहिली.

“ह्या कोन गं, पोरी?”

मुक्ताने हातातला कप खाली ठेवला. तिने तोंड उघडलं. जन्मभर प्रत्येक गोष्टीचा छडा लावणाऱ्या रंगूबाईला, लेक आता आई म्हणते की मावशी, ही एक गोष्ट कळायला नको होती.

“मी मावशी,” ती घाईने म्हणाली. “थोरली.”

आजी बघतच राहिली. मग म्हणाली, “लई ऊन सोसलं, बाई, तुमी.” आणि बाहेर गेली.

स्थळ जमलं. आजीने मुक्ताच्या हाती नारळ दिला, मग मुलीच्या आईची ओटी भरायला घेतली. छबूने पदर पसरला. दाराची चौकट धरून रंगूबाई बघत होती. तांदूळ, खण, नारळ पदरात पडत होते. पदरावर वाकलेलं नाक तिचंच होतं, हनुवटीही तिचीच, फक्त ऊन न लागलेली. छबूने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरले होते. हिच्या मनात डाव नाही, हिने खरंच नुसतं मलम लावलंय, हे रंगूबाईला तेव्हा पटलं.

आजीने कुंकवाचा करंडा मुक्ताकडे दिला. “थोरल्या मावशीला बी लाव की गं.”

मुक्ता करंडा घेऊन समोर आली. तिने बोट कुंकवात बुडवलं. रंगूबाईने कपाळ पुढे केलं आणि लेकीचा चेहरा दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतले.